पहिल्या ड्राफ्टआधी एवढं लक्षात ठेव

तू आमच्या फँटसी फुटबॉल लीगमध्ये येतोयस, फार बरं वाटलं. इथे अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू आळीपाळीने निवडून (हाच ड्राफ्ट) आपला संघ करायचा, आणि त्यांच्या खऱ्या खेळावर आपल्याला गुण मिळतात. आधी गुणांचे नियम वाच. फुल पीपीआर (झेलामागे गुण) असेल तर प्रत्येक झेलाला 1 गुण, शिवाय सहसा दर 10 यार्डांना 1. 6 झेल आणि 60 यार्ड म्हणजे टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात नेणं) नसतानाही 12 गुण झाले. क्वार्टरबॅकची (चेंडू फेकणाऱ्याची) घाई करू नकोस, एकच तर खेळवायचा असतो. किकर (चेंडूला लाथ मारणारा) अगदी शेवटी.

खरी मेहनत ड्राफ्टनंतर असते. 2023 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्स संघाचा नवखा रिसीव्हर (झेल घेणारा) पुका नाकुआ बहुतेक लीगमध्ये कुणी घेतलाच नव्हता. पहिल्याच सामन्यात 10 झेल, 119 यार्ड! त्या आठवड्यात ज्यांनी वेव्हरवरून (कुणीच न घेतलेल्या खेळाडूंच्या यादीतून) त्याला उचललं, त्यांचं सोनं झालं. मोसमाअखेर 105 झेल आणि 1486 यार्ड. म्हणून आठवड्याचा शेवटचा, सोमवारचा सामना संपला की कोणाकडे किती चेंडू फेकले गेले ते बघ. नुसते टचडाउन फसवतात.

आणि हो, गुरुवारी खेळणाऱ्याला फ्लेक्समध्ये (एकापेक्षा जास्त प्रकारचे खेळाडू चालतात अशा जागेत) टाकू नकोस, त्याच्या मूळ जागीच लाव. म्हणजे रविवारी फ्लेक्समधला कुणी ऐनवेळी बाहेर बसला, तर बदलीला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), रिसीव्हर, टाइट एंड (झेलही घेणारा, अडवणाराही), कुणीही चालतो.

हरत असलास तरी दर आठवड्याला संघ नीट लाव. बाकीच्यांची प्लेऑफची गणितं त्यावर असतात.