दाखल्यावर नाव चढवायला जाताय, तर इंग्रजी ओळ आधी वाचा

ताई, तुमची पोस्ट काल रात्रीच वाचली आणि तेव्हाच लिहायला घेतलं होतं, पण सकाळचे डबे आणि लेकीचा गृहपाठ यात राहून गेलं. तुमची मुलगी नोव्हेंबर २०२३ ची, बाळंतपण माहेरी, जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाची जागा अजून कोरी. येत्या जूनला ठाण्यातल्या कासारवडवलीत नर्सरी, शाळेने नावासकट दाखला मागितलाय आणि तुमचा भाऊ म्हणतोय की तू कशाला येतेस, मी जाऊन नाव चढवून आणतो. शिवाय शाळा दोनच किलोमीटर आहे, तर गाडीत आजीच्या मांडीवर बसवून नेलं तर चालेल का, असंही विचारलंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नाही. त्याचं खाली लिहिते. पहिल्यावर मात्र मोठं लिहिणार आहे, कारण जवळजवळ हेच माझ्या बाबतीत घडलंय आणि त्यात माझं अख्खं वर्ष गेलं.

किती फोटो, कसल्या झेरॉक्स, लसीकरणाचं कार्ड, हे सगळं शाळेच्या यादीत असतं. वयाचंही तुमचं बसतंय, ३१ डिसेंबरला तीन पूर्ण होतात.

आधी एक सांगते. नाव चढवायचं किंवा दुरुस्त करायचं काम जिथे जन्म झाला तिथल्याच जन्म-मृत्यू निबंधकाकडे होतं. तुम्ही आज ठाण्यात राहता याचा इथे काही संबंध नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी आधी इथल्याच एका खिडकीवर दोनदा रांग लावली. जन्मनोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत नाव फुकट चढतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे तुमचं होणार आहे, घाबरू नका.

आता माझी चूक. लेकीच्या नावाच्या सुरुवातीलाच ‘ज्ञ’ आहे. पूर्ण नाव इथे लिहीत नाही, तेवढं समजून घ्या. बारशाला आत्याने कानात नाव सांगितलं, पुढच्या आठवड्यात माझ्या बाबांनी जाऊन अर्ज दिला आणि बाळंतपणाला सव्वा महिना झाल्यावर मी सही करून दाखला घेतला. बाळ कडेवर रडत होतं. मराठी ओळ वाचली, ‘ज्ञ’ बरोबर, काना-मात्रा बरोबर, तारीख बरोबर. त्याखालची इंग्रजी ओळ मी वाचलीच नाही. तिथे डी-एन-वाय ऐवजी जी-वाय टाइप झालं होतं. आपण ‘द्न्य’ म्हणतो, हिंदीवाले ‘ग्य’ म्हणतात, तिथे कुणाच्या तरी बोटाला हिंदीची सवय असणार.

पाच-सहा वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. आधार निघालं ते दाखल्यावरून, म्हणजे जी-वाय. शाळेचा फॉर्म मी माझ्या हाताने भरला, त्यात डी-एन-वाय. नर्सरी ते सीनियर केजी कुणी हूं की चूं केलं नाही. पहिलीत गेली आणि शाळेतून चिठ्ठी आली की यू-डायसमधलं (शाळांच्या सरकारी पोर्टलवरचं) नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही, अपार आयडी (विद्यार्थ्याचा सरकारी ओळख क्रमांक) तयार होत नाही, पालकांनी दुरुस्त करून आणावं. मला वाटलं, आधार केंद्रात जाऊन एक अक्षर बदलायचं. तिथे म्हणाले, जन्मदाखला आणा, त्यावर जे असेल तेच चढेल. शिवाय आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून घाईने काही करायचीही भीती.

मग माहेरच्या तालुक्याच्या गावी खेपा सुरू झाल्या. गावाचं आणि कार्यालयाचं नाव लिहीत नाही, आईबाबांना तिथेच राहायचंय. खोपटहून पहाटेची एसटी, अकराच्या सुमाराला खिडकीवर, आणि ‘साहेब मीटिंगला गेलेत’. दुसऱ्या खेपेला सांगितलं, प्रतिज्ञापत्र करून आणा. करून नेलं. तिसऱ्या खेपेला सांगितलं, शाळेचं बोनाफाईड आणा. आता बोनाफाईडवर डी-एन-वाय आणि आधारवर जी-वाय, ते बघून म्हणाले, ‘मॅडम, ही तर दोन वेगळी नावं आहेत, गॅझेट करा.’ म्हणजे सरकारी राजपत्रात नावबदल छापून आणा. मी विचारलं, गॅझेट नाव बदलणाऱ्यांसाठी असतं ना? आमचं नाव बदललेलंच नाही, तुमच्याकडे टाइप करताना चुकलंय. तर खिडकीतून उत्तर आलं, ‘आमच्याकडे चुकत नसतं.’

या वाक्याचा मला आजही राग येतो. चूक कुणाच्याही हातून होते, रोज शेकडो नोंदी करणाऱ्याच्या हातून तर होणारच. पण समोरची बाई चार तासांचा प्रवास करून, कामावरची रजा टाकून आलीय, तिला एका कागदावर ‘हे हे आणा’ असं एकदाच लिहून द्यायला काय लागतं? प्रत्येक खेपेला नवीन कागद. चौथ्या खेपेला लेकीला १०२ ताप होता, तिला शेजारच्या काकूंकडे ठेवून मी तिथे बाकावर बसले होते, आणि त्या दिवशीही काम झालं नाही. पैसे किती गेले ते मोजलेत, पण तो दिवस मला परत नकोच.

पाचव्या खेपेला खिडकीवर दुसरे गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले असावेत. त्यांनी माझी फाईल बघितलीच नाही, एवढंच विचारलं, ‘मूळ अर्ज काढला का कुणी?’ आत जाऊन बांधलेला गठ्ठा घेऊन आले. धूळ झटकली, पानं उलटली आणि माझ्यासमोर ठेवलं. बाबांचं अक्षर, निळं बॉलपेन, इंग्रजी नाव सुट्या मोठ्या अक्षरांत, आणि सुरुवातीचा डी दोनदा गिरवलेला. बाबांना बहुतेक तेव्हाच शंका आली असणार की इथे कुणीतरी चुकेल. मला तिथेच रडू आलं.

पुढचं काम सोपं होतं. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १५ प्रमाणे नोंदीत चूक असल्याची खात्री पटली तर निबंधक समासात दुरुस्ती लिहून, सही-तारीख करून ती दुरुस्त करू शकतो. मूळ नोंद खोडायची नसते. गॅझेटची गरजच नव्हती. मी वकील नाही, प्रत्येक केस वेगळी असते आणि नाव खरोखरच बदलायचं असेल तर गोष्ट वेगळी. पण टायपिंगची चूक असेल तर कलम १५ हे शब्द अर्जात लिहा आणि मूळ अर्ज, मूळ नोंदवही बघायला मागा. मी पहिल्याच खेपेला हे केलं असतं तर उरलेल्या चार वाचल्या असत्या.

म्हणून माझं स्पष्ट मत: भावाला एकट्याला पाठवू नका. तुम्ही स्वतः जा, किंवा निदान नाव मराठीत आणि इंग्रजीत मोठ्या सुट्या अक्षरांत लिहून, खाली तुम्हा दोघांच्या सह्या करून तो कागद त्याच्याबरोबर द्या. दाखला छापायच्या आधी स्क्रीन दाखवा म्हणून सांगा. नुसतं नाव लिहायचं की वडिलांचं नाव-आडनाव धरून पूर्ण, हेही घरी ठरवूनच निघा आणि पुढे शाळेत, आधारवर, पासपोर्टवर तेच ठेवा. आईच्या नावाचा रकानाही बघा. माहेरी आजोबा फॉर्म भरतात तेव्हा सवयीने लेकीचं माहेरचं नाव लिहून जातात, आणि तुमच्या आधारवर सासरचं असतं. माझ्या मावसबहिणीचं तसंच झालं. अर्ज दिला की आपल्या झेरॉक्सवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. शिक्का नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं धरून चाला.

तुमच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदललाय. त्या तारखेला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. आमच्या वेळी इकडून तिकडून दुसरा कागद लावून भागवता यायचं, तुमच्या लेकीचं तसं नाही. (कुणाचं बाळ १ मे २०२४ चं किंवा नंतरचं असेल तर त्यांच्यासाठी: महाराष्ट्रात आता बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. मला तो मनापासून आवडला.)

आता गाडीचं. सासूबाईंचं प्रेम मला कळतं, आमच्याकडेही तेच होतं. पण बारा किलोचं मूल ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीत आहे आणि गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर त्याला धरून ठेवायला दीडशे किलोच्या आसपास जोर लागतो. तांदळाची पंचवीस किलोची सहा पोती. हे कुठल्याच आजीच्या, आईच्या हातात नाही, बाबांच्याही नाही. पुढच्या सीटवर मांडीवर घेणं तर त्याहून वाईट, समोर एअरबॅग असते. आणि दोन किलोमीटर म्हणजे घोडबंदर रोडचे दोन किलोमीटर आहेत, ताई. कंटेनर, मेट्रोचे पत्रे, सर्व्हिस रोडवरून उलटे येणारे दुचाकीवाले. सायरस मिस्त्रींचा ४ सप्टेंबर २०२२ चा अपघात आठवा, गेलेले दोघेही मागच्याच सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. कायद्यानेही चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ बी. पण चाइल्ड सीट दंडासाठी नका घेऊ.

कंपनी सुचवत नाही. आधी तुमच्या गाडीत आयसोफिक्सचे (चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायचे) हूक आहेत का ते मागच्या सीटच्या फटीत हात घालून बघा. चाइल्ड सीटवर आर-४४ किंवा आर-१२९ या सुरक्षा मानकाचा शिक्का हवा. सेकंडहँड घेणार असाल तर अपघातातली नाही याची खात्री असेल तरच, म्हणजे ओळखीतली. पट्टा खांद्यावर दोन बोटांच्या चिमटीत पकडून बघा, चिमटीत आला तर ढिला आहे. पावसाळ्यात रेनकोटावरून पट्टा लावू नका, आधी रेनकोट काढा, मग पट्टा. मुलगी रडेल, पहिले आठ-दहा दिवस रडेलच. आमच्याकडे नियम एकच होता: क्लिक झाल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. एकदा मानपाड्याच्या सिग्नलआधी तिने बकल काढायचा प्रयत्न केला, तर यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली, शाळेला वीस मिनिटं उशीर झाला. परत कधी काढलं नाही तिने.

सासूबाईंना तिच्या शेजारी मागेच बसवा, त्यांनाही पट्टा लावून. आमच्याकडे आजीकडे पाण्याची बाटली आणि बडबडगीतांचं काम होतं, त्यामुळे मांडीचा विषय महिन्याभरात आपोआप मिटला. आणि गाडी उघड्यावर लावत असाल तर एप्रिल-मे मध्ये बकलवर जुनी ओढणी टाकून ठेवत जा, ते लोखंड मांडीला चटका देतं आणि मग मूल दुसऱ्या दिवशी सीटवर बसायलाच तयार होत नाही.

भाऊ कधी जाणार आहे ते कळवा. अर्जाचा मजकूर हवा असेल तर मी दिलेल्या अर्जाचा मसुदा नावं खोडून इथे टाकते.