उभी राहिलेली जुनी गाडी मिसिंग मारतेय, म्हणजे मधूनमधून स्पार्क चुकल्यासारखी अडखळतेय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: आजोबांची चार सिलिंडरची कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) गाडी नऊ वर्षं झाकून ठेवलेली. नवी बॅटरी टाकल्यावर सुरू झाली, पण आयडलला (रेस न देता नुसती चालू असताना) फटफट करते, रेस दिली की जरा सुधारते. मेकॅनिक म्हणतो कार्ब्युरेटरच बदला. बदलू का?

उत्तर: थांबा हो, इतकी घाई कसली. आधी एकच सिलिंडर मेलंय की सगळीच कुरकुरतायत ते बघा. इंजिन बंद करून एका स्पार्क प्लगची लीड (जाड वायर) काढा, तिचं टोक इंजिनच्या लोखंडाला नीट टेकवून अडकवा, मग सुरू करून ऐका. आणखी डगमगलं तर ते सिलिंडर काम करत होतं, काहीच फरक पडला नाही तर चोर तोच! असं चारही करायचं, मग चोराचा प्लग काढून बघायचा. ओला आणि पेट्रोलचा वास येतोय तर स्पार्क नाही, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त नाहीतर स्पार्क अशक्त, पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठूनतरी हवा शिरतेय.

तुमच्या वर्णनावरून सगळीच कुरकुरत असतील असं वाटतं, म्हणजे पायलट जेट (आयडलला पेट्रोल सोडणारं कार्ब्युरेटरमधलं बारीक भोक) चोंदलंय. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट, पिवळट गोंद राहतो, तो त्या बारीकशा भोकात बसतो. क्लीनर आणि हवेनेच साफ करा, तार घालू नका, भोक मोठं झालं की जेट गेलं. टाकीतलं जुनं पेट्रोलही काढा, नाहीतर आठवड्याभरात परत तेच. व्हॅक्यूमचे रबरी पाइप वाकवून बघा, तडे दिसले तर आयडल बिघडायला तेवढंही पुरतं.

प्रश्न: गार असताना मस्त चालते, वीसेक मिनिटांनी मिसिंग मारून बंद पडते, अर्ध्या तासाने परत सुरू.

उत्तर: बंद पडल्या पडल्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि थोड्या वेळात गाडी सुरू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, एवढंच. नाही आला तर गरम असतानाच स्पार्क बघा (कुठे पेट्रोल गळत नाही ना ते आधी), कारण गार झाल्यावर पुरावा जातो. स्पार्क नसेल तर संशय कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवते ती) आणि कंडेन्सरवर (पॉइंटवरची ठिणगी दाबतो तो). अंधारात डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला स्पार्क वाटतो तो भाग) कॅप काढून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा, पॉइंटमध्ये (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा आतला छोटा स्विच) लखलखीत मोठी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर गेलाय. पॉइंटवर करडा थर असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा, पॉइंट उघडल्यावरचा गॅप बऱ्याच गाड्यांना ०.४ मिमीच्या आसपास असतो, पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडा खरा.

प्रश्न: प्लग, लीड, कॅप सगळं नवीन टाकलं, आता कार्ब्युरेटरमधून बॅकफायर, उलटा भडका!

उत्तर: सगळ्या लीड एकदम काढल्यात ना? दोन उलटसुलट बसल्यात बघा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) बहुतेक चार सिलिंडरना १-३-४-२, काहींना १-२-४-३, आणि रोटर (कॅपखाली फिरणारा तुकडा) कुठल्या बाजूला फिरतो तेही बघायचं. मी स्वतः २ आणि ३ नंबरच्या लीड उलट्या लावून अख्खा रविवार टायमिंग (स्पार्कची वेळ) सेट करत बसलो होतो, आता एकेकच बदलतो.

प्रश्न: स्पार्क आहे, पेट्रोल आहे, तरी एक सिलिंडर मेलेलंच.

उत्तर: कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. त्याच सिलिंडरचं कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल ओतून परत मोजा, आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा चिकटल्यात, नाही चढला तर बहुतेक व्हॉल्व्ह. उभ्या गाडीत व्हॉल्व्हच्या दांड्याला गंज धरतो आणि तो उघडाच अडकतो. टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हवरचं झाकण) काढून इंजिन हाताने फिरवा, जो व्हॉल्व्ह परत वर येत नाही तो सापडला. त्याच्यावर भेदक तेल (गंजात शिरणारं) मारून रात्रभर ठेवा आणि सुटेपर्यंत सेल्फ मारू नका, पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला ढकलणारी दांडी) वाकेल.