लेस्टरला राहतो, बजेट ५०० पौंडांपर्यंत. जुनी नाणी शोधायला पहिला मेटल डिटेक्टर कोणता घेऊ? सुट्टीत वाईजवळच्या आमच्या शेतातही वापरता येईल का?

लेस्टरसाठी नोक्टा लेजंड घ्या, नाहीतर वॉरंटी शिल्लक असलेला सेकंडहँड मिनलॅब इक्विनॉक्स. वाईसाठी काहीच घेऊ नका, मशीन लेस्टरलाच ठेवून जा. आता कारणं सांगते. मी नॉरफोकला राहते आणि पीक निघाल्यापासून पुढची पेरणी होईपर्यंत माझे बहुतेक रविवार शेतातच जातात.

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात खोली लिहिलेली असते. ती वाचूच नका. एकट्या नाण्याचा आवाज चांगलं मशीनसुद्धा वीतभर खोलीपर्यंतच खात्रीने देतं, माती सौम्य असेल तर चार बोटं जास्त. नांगरटीच्या शेतात तेवढं पुरतं, कारण नांगर दरवर्षी माती वरखाली करत असतो. ‘पाच मीटरवरचं सोनं दाखवणारं’ यंत्र कुणी विकत असेल तर नाण्यांसाठी त्याचा काडीचा उपयोग नाही.

खरी अडचण नाण्याच्या आकाराची आहे. इथे सापडणारी मध्ययुगीन चांदीची पेनी साधारण दीड ग्रॅमची, कागदासारखी पातळ. त्यातही पहिल्या एडवर्डने १२७९ नंतर सुटी छोटी नाणी पाडायला सुरुवात करेपर्यंत लोक पेनीचेच कापून दोन किंवा चार तुकडे करत आणि ते चलनात वापरत. तसला चतकोर तुकडा जेमतेम तिसरा हिस्सा ग्रॅमचा. चौथ्या शतकातली रोमन कांस्याची काही नाणी तर शर्टाच्या बटणाहून लहान असतात. कमी फ्रिक्वेन्सीचं मशीन चांदी-तांब्याची मोठी नाणी छान पकडतं पण असली बारीक चीज सोडून देतं. जास्त फ्रिक्वेन्सीचं उलट. म्हणून एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं मशीन घ्या, असं माझं ठाम मत आहे. लेजंड आणि इक्विनॉक्स दोन्ही तशी आहेत. हात आखडता घ्यायचा असेल तर मिनलॅबचंच व्हॅन्क्विश ४४० चालेल. नोक्टा सिम्प्लेक्सही भक्कम आहे, फक्त ते एकाच फ्रिक्वेन्सीचं. एक्सपी ड्यूस २ उत्तमच, पण पहिल्या वर्षी त्याची गरज नाही; एवढे पैसे घातले की माणूस नाण्यांऐवजी सेटिंगच शोधत बसतो.

डिस्क्रिमिनेशनबद्दल (कोणत्या धातूला आवाज द्यायचा नि कोणत्याला नाही ते निवडण्याची सोय) एक सांगायलाच हवं. पडद्यावरचा आकडा म्हणजे धातूचं नाव नव्हे. तो वस्तूची विद्युतवाहकता, आकार आणि जाडी यांचा मिळून येतो. लोखंड खाली, तांबं-चांदी वर, हे ठीक. पण सोन्याचं छोटं नाणं नेमकं चंदेरी (अ‍ॅल्युमिनियमच्या) कागदाच्या आणि कॅनच्या कड्यांच्या पट्ट्यात बसतं. कचऱ्याला कंटाळून तो पट्टा बंद केलात की सोन्यालाही दार लावलंत. निदान पहिला हंगाम लोखंड सोडून सगळं खणा. आणि ज्या शेतात ‘ग्रीन वेस्ट’ (बागेतल्या कचऱ्याचं) खत टाकलंय तिथे जाऊच नका. त्यात अ‍ॅल्युमिनियमचे इतके तुकडे येतात की दिवसभर कान किटतात. शेतकऱ्याला हे आधीच विचारून घ्यावं.

पाचशे पौंड एकट्या मशीनवर उडवू नका. पिनपॉइंटरसाठी (खड्ड्यात नेमकी वस्तू कुठे आहे ते दाखवणारी कांडी) शंभरेक बाजूला ठेवा. मजबूत छोटं फावडं लागेल. एनसीएमडी या डिटेक्टरवाल्यांच्या संघटनेचं सदस्यत्व घेतलं की विमाही मिळतो, आणि शेतकरी तो विचारतात. जमीनमालकाची परवानगी लेखीच घ्या, सापडलेल्याची वाटणी कशी ते त्यातच लिहा. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय डिटेक्टर चालवणं हा गुन्हा आहे. ३०० वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन किंवा जास्त नाणी एकत्र सापडली तर १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टखाली १४ दिवसांत कळवावं लागतं. सुटं नाणं असेल तरी काउंटीच्या फाइंड्स लिएझॉन ऑफिसरला (सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारा अधिकारी) दाखवा. नाणं घासून चकचकीत मात्र करू नका.

लेस्टरला आहात म्हणून हेही सांगते. तुमच्या पूर्वेला हॅलटन गावाजवळ २००० साली स्थानिक हौशी गटातल्या एका डिटेक्टरवाल्याला लोहयुगीन नाणी लागली. त्याने ती कळवली, रीतसर उत्खनन झालं आणि पाच हजारांहून अधिक नाणी निघाली. ती मार्केट हारबराच्या संग्रहालयात आहेत, जाऊन बघा. त्यातली पुष्कळशी जेमतेम ग्रॅमभराची आहेत; कोणतं मशीन घ्यावं हे दुकानदारापेक्षा ती काचपेटी जास्त चांगलं समजावते. तसल्या गटात शिरलात तर परवानगीसाठी दारोदार फिरणंही वाचेल.

आता वाई. तिथली माती बसाल्टची आहे आणि बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. म्हणजे जमीन स्वतःच मशीनला धातूसारखी जाणवते. गॅरेट एस (Ace) ३०० सारख्या मशीनमध्ये ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा आवाज वगळण्याची सोय) कारखान्यातच पक्का केलेला असतो. इंग्लंडच्या शेतात ते गुणी बाळ, दख्खनच्या जमिनीवर ओरडत सुटेल. लेजंड किंवा इक्विनॉक्सवर कॉइल (दांड्याच्या टोकाची चकती) जमिनीवर वरखाली करून बॅलन्स घेता येतो, संवेदनशीलता उतरवता येते. थोडक्यात, यंत्राची अडचण सोडवता येईल.

कायद्याची नाही. शेत तुमचं असलं तरी त्यातलं धन आपोआप तुमचं होत नाही. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर काय, किती, कुठे आणि कधी ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्यातून १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष ठरतो आणि तो खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे शेतात सापडलेली साधी तांब्याची शिवराई खिशात टाकून तुम्ही लेस्टरला आलात की गुन्हा झाला. इथे जसा काउंटीला अधिकारी नेमलेला आहे, तशी हौशी लोकांची नाणी नोंदवून परत हातात देणारी व्यवस्था तिकडे नाही.

शिवाय गावात यंत्र घेऊन शेतात उतरलात की संध्याकाळपर्यंत ‘गुप्तधन’ पंचक्रोशीत पोचलेलं असेल. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडला काय झालं आठवा: सिनेमा पाहून लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन मोगलांचं सोनं शोधायला दुसऱ्यांची शेतं खणत होते. तुमच्या घरच्यांना तो ताप कशाला? नांगरताना एखादं नाणं आपसूक वर आलंच, तर जागेचा आणि नाण्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढायला सांगा आणि अर्ज थेट जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्यायला सांगा.