वारंवार सर्दी होते म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झाली आहे का? ती वाढवायला काय घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की वर्षातून तीनदा तरी सर्दी-खोकला होतो, बाकी तब्येत ठणठणीत आहे, तरी घरचे म्हणतात प्रतिकारशक्ती कमी झाली, आणि आता एखादी गोळी किंवा पावडर सुरू करावी का.

आधी तुमची काळजी थोडी कमी करते. धडधाकट मोठ्या माणसालाही वर्षाला दोन-तीन वेळा सर्दी होतेच, लहान मुलांना तर त्याहून जास्त. सर्दी आणणारे विषाणू पुष्कळ आहेत. त्यातल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत. एकाशी शरीराची ओळख झाली, तरी पुढच्या खेपेला दुसराच येतो. तीन-तीन सर्द्या होऊन प्रत्येक वेळी तुम्ही आठ-दहा दिवसांत बरे होता, याचा अर्थ तुमची यंत्रणा तिचं काम चोख करते आहे.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे या यंत्रणेचा एक तुकडा मला रोज डोळ्यांनी दिसतो. रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन लेन्सखाली धरला की फिकट गुलाबी तांबड्या पेशींच्या गर्दीत मधूनच एखादी पांढरी पेशी दिसते. तिचा केंद्रक गडद जांभळा, तीन-चार तुकड्यांचा, तुकडे बारीक धाग्याने जोडलेले. ही न्यूट्रोफिल. रक्तात तिचं आयुष्य जेमतेम दिवसभराचं, म्हणून अस्थिमज्जा रोज सुमारे 100 अब्ज न्यूट्रोफिल तयार करत असते. जंतुसंसर्ग जोरात असला की मज्जा कोवळ्या पेशीही बाहेर पाठवते. त्यांच्या केंद्रकाचे तुकडे अजून पडलेले नसतात, तो घोड्याच्या नालासारखा नुसता वाकलेला असतो. स्लाइडवर असे ‘बँड’ भरपूर दिसले की मी पुढची स्लाइड न घेता आधी आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना बोलावते.

ही पेशी काय करते ते बोटात कुसळ गेलं की कळतं. तासाभरात तिथे लाली येते, बोट गरम लागतं, सुजतं, ठणकतं. रक्तवाहिन्या सैल होतात आणि न्यूट्रोफिल त्यांच्या भिंतींतून वाट काढून जखमेकडे जातात. 1882 साली एली मेचनिकोफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसून ठेवला. सकाळी पाहिलं तर काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातला होता. जंतू गिळणाऱ्या पेशींची कल्पना त्यातून पुढे आली, आणि 1908 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. फोडातला पिवळा पू आपल्याला किळसवाणा वाटतो, पण तो बराचसा जंतूंशी लढून मेलेल्या या पेशींचाच असतो.

ही पहिली फळी समोरचा जंतू नेमका कोणता याची फार चौकशी करत नाही. नेमकेपणा दुसऱ्या फळीचा. जखमेजवळच्या डेंड्रिटिक पेशी जंतूचे तुकडे उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, घसा धरला की जबड्याखाली गाठ हाताला लागते, ती या लगबगीमुळेच. ग्रंथीत बी आणि टी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात आणि जवळजवळ प्रत्येकीचा साचा वेगळा. आलेला तुकडा ज्या मोजक्या पेशींच्या साच्यात बसतो त्याच भराभर वाढतात. बी पेशींपासून अँटिबॉडी, म्हणजे नेमक्या त्या जंतूला चिकटणारी प्रथिनं, तयार होतात, टी पेशींपैकी काही जंतू शिरलेल्या पेशींनाच मारतात. पहिल्या भेटीत याला आठवडाभर तरी लागतो. म्हणून अंग मोडून येणं, ताप, झोप हे चार-सहा दिवस सोसावेच लागतात.

पण एकदा ओळख पटली की ती किती टिकावी? 1846 मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवराची साथ आली. सुमारे 7,800 लोकांपैकी 6,000 हून जास्त आजारी पडले. तिथे गेलेल्या पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टराच्या लक्षात आलं की 1781 च्या साथीत ज्यांना गोवर होऊन गेला होता, त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. मधली 65 वर्षं गोवर तिकडे फिरकलाही नव्हता! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ त्याच विचारात होते. लस शरीराला हीच ओळख करून देते, फक्त आजाराची किंमत न मोजता. गोवर तर उलट जुनी ओळखही पुसतो. 2019 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात, लस न घेतलेल्या मुलांना गोवर झाल्यावर इतर जंतूंविरुद्धच्या अँटिबॉडींपैकी 11 ते 73 टक्के नाहीशा झालेल्या आढळल्या.

आता ‘वाढवण्या’बद्दल. हा शब्द ऐकला की मला माझी ताई आठवते. तिला आमवात आहे, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. तिची प्रतिकारयंत्रणा तिच्याच सांध्यांवर हल्ला करते. सकाळी तिच्या बोटांची मूठ वळत नाही, ड्रेसची बटणं लावायला अर्धा तास जातो. तिला आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घ्यावं लागतं, ते ही यंत्रणा आवरण्यासाठी. मध्यंतरी कुणीतरी सांगितलं म्हणून तिने ते बंद करून ‘इम्युनिटी वाढवणारी’ पावडर सुरू केली. तीन महिन्यांत दोन्ही मनगटं सुजली. तिचा त्रास मी जवळून पाहिलाय, म्हणून इतक्या कळकळीने सांगते: या यंत्रणेत ताकदीइतकंच महत्त्व आहे तारतम्याला. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे, तिथे टी पेशींची परीक्षा होते. ज्या निरुपयोगी ठरतात किंवा आपल्याच शरीराला चिकटतात त्या तिथेच मरतात. शंभरातल्या पाचही बाहेर पडत नाहीत. त्यातूनही निसटलेल्यांना आवर घालायला नियंत्रक टी पेशी असतात. जपानच्या शिमोन साकागुची यांनी त्या 1995 मध्ये दाखवून दिल्या, आणि 2025 चं वैद्यकाचं नोबेल याच विषयातल्या कामासाठी त्यांना आणि आणखी दोघांना मिळालं. ॲलर्जीसुद्धा तारतम्य सुटल्याचाच प्रकार. परागकण तर कुणाचं काही बिघडवत नाहीत.

मग तुम्ही काय करावं? सगळ्यात आधी झोप. 2015 च्या एका प्रयोगात 164 निरोगी माणसांच्या झोपेची आठवडाभर नोंद ठेवून मग त्यांच्या नाकात ऱ्हायनोव्हायरसचे थेंब टाकले. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. सिगारेट ओढत असाल तर सोडा. श्वासनलिकेतले बारीक केस सतत कफ वर ढकलत असतात, धुराने ते लुळे पडतात. रोज घाम येईल इतकं चाला. आहारात प्रथिनं, झिंक, अ आणि ड जीवनसत्त्व यांची खरोखरच कमतरता असेल तर ती भरून काढल्याने नक्की फरक पडतो. कमतरता नसताना वरून घेतलेल्या गोळ्यांचा तसा उपयोग नाही. क जीवनसत्त्वाची गोळी रोज घेतल्याने सर्वसाधारण माणसाच्या सर्द्यांची संख्या कमी होत नाही, दुखणं मोठ्यांमध्ये सुमारे 8 टक्क्यांनी लवकर आटोपतं इतकंच. आणि सर्दीवर अँटिबायोटिक मागू नका, विषाणूवर ते चालत नाही.

डॉक्टरांकडे मात्र या गोष्टी दिसल्या तर जा: वारंवार न्यूमोनिया होणं, खोलवर गळवं होत राहणं, तोंडातला बुरशीचा पांढरा थर न जाणं, कारण नसताना वजन उतरणं. साध्या सीबीसीपासून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीपासून, तपासणी सुरू होते. पुढे अँटिबॉडींचं प्रमाणही मोजता येतं.

आणि राहिलेल्या लसी घ्या. ताईला आता जिवंत विषाणूंच्या लसी चालत नाहीत, फ्लूची मेलेल्या विषाणूची लस चालते, पण औषधामुळे तिच्या शरीरात अँटिबॉडी कमी बनतात. म्हणून आम्ही घरातले सगळेच दरवर्षी फ्लूची लस घेतो.