फ्री डिशची छत्री बसवताना

दूरदर्शनच्या मोफत डीटीएच सेवेला, म्हणजे फ्री डिशला, ६० सेंमीची छत्री पुरते, मोठीच्या मागे लागू नका. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. पुण्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंशांवर येतो. ऑफसेट छत्री (जिचा सिग्नल पकडणारा भाग, म्हणजे एलएनबी, मधोमध नसून खालच्या दांड्यावर असतो) मात्र दिसायला बरीच उभी असते, त्यामुळे नवखे लोक ती उगाच आभाळाकडे वाकवतात.

आधी छत्रीचा पाइप ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभा घ्या. तो कलला असेल तर छत्री फिरवताना उंचीही बदलते आणि अर्धा दिवस जातो.

सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये एलएनबी ९७५०/१०६००, फ्रिक्वेन्सी ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० भरा. पडद्यावर सिग्नलचे दोन आकडे दिसतात, त्यातला स्ट्रेंथ बघू नका. ती रिकाम्या आभाळाकडेही दिसते. क्वालिटी बघा. छत्री केसभर सरकवा, दोन-तीन सेकंद थांबा, कारण बॉक्सचा आकडा मागून येतो. मग एलएनबी त्याच्या पकडीत हळूहळू फिरवा, बऱ्याचदा इथेच क्वालिटी वाढते.

केबल आरजी-६ घ्या. कनेक्टर लावताना केबलच्या आतल्या तारांच्या जाळीचा एकही तंतू मधल्या तारेला टेकू देऊ नका, शॉर्ट होतो; जोडणी बॉक्स बंद करूनच. एलएनबीजवळ केबलला खाली झोळ ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी थेट कनेक्टरमध्ये उतरतं.