येशू कोण, हे ठरवायचंय? मार्कपासून सुरू करा

बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका. बरेच जण लेवीय या सुरुवातीच्या पुस्तकातल्या नियमांत अडकतात आणि येशूपर्यंत पोचतच नाहीत. आधी मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचा वृत्तांत, घ्या. अध्याय 16 आहेत, दोन बैठकींत सहज होतात. वाचताना वहीत दोनच गोष्टी टिपा: येशू स्वतःविषयी काय सांगतो आणि लोक त्याला काय म्हणतात.

8:29 ला (अध्याय 8, वचन 29) थांबा. "तुम्ही मला कोण म्हणता?" या येशूच्या प्रश्नावर त्याचा शिष्य पेत्र म्हणतो, तू ख्रिस्त (देवाने निवडलेला तारणारा) आहेस. उत्तर बरोबर, पण चारच ओळींनी त्याला कडक बोलणी बसतात, कारण दुःख सोसणारा, मारला जाणारा ख्रिस्त त्याला नको असतो. बहुतेकांची गाडी इथेच अडते: चमत्कार करणारा येशू चालतो, क्रूसावरचा नाही. या जागेवर घाई करू नका. मग जुन्या करारातला यशया 53 वाचा, त्यात दुःख सोसणाऱ्या सेवकाचं वर्णन आहे; त्यानंतर योहानचं शुभवर्तमान. तो का लिहिला, हे 20:31 मध्ये स्पष्ट दिलंय.

पुनरुत्थानाचा, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला का, हा प्रश्न टाळता येणार नाही. 1 करिंथ 15 मध्ये (करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात) प्रेषित पौल सरळ म्हणतो, ख्रिस्त उठला नसेल तर विश्वास व्यर्थ. साक्षीदारांची यादीही तिथेच आहे, ती तपासा.

अंगावर काटा येण्याची वाट पाहू नका. शंका उरल्या तरी प्रार्थना करता येते. मार्क 9:24 मधल्या बापाने तशीच केली: विश्वास आहे, पण माझा अविश्वास घालवायला मदत कर. बाप्तिस्म्याचं पाळकांशी बोला, पण कुणाच्या भिडेखातर तारीख ठरवू नका.