मुलीला प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सला घालावं का?

तासगावच्या एका वडिलांनी विचारलंय की मुलगी बारावी सायन्स झाली, एमबीबीएसला नंबर लागत नाही, तर कृत्रिम हात-पाय आणि आधाराचे पट्टे बनवण्याच्या कोर्सला घालू का?

मी मिरजेत हेच काम करतो. घाला, पण डॉक्टरकी हुकली म्हणून नको. आधी एखाद्या वर्कशॉपमध्ये तिला दिवसभर उभी करा. प्लास्टरनं पांढरे झालेले हात, ग्राइंडरची धूळ बघूनही ‘मी करून बघू?’ म्हणाली, तर फॉर्म भरा.

कोर्स बीपीओ (बॅचलर इन प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स), चार वर्षं आणि वर सहा महिने इंटर्नशिप. मुंबईत हाजीअलीला, शिवाय कोलकात्यात आणि कटकजवळ ओलटपूरला केंद्राच्या संस्था आहेत. दुसरीकडे घेणार असाल तर भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता आहे का ते बघाच. १९९२ च्या कायद्यानं तिथं नोंदणी असल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही.

खरं शिक्षण पेशंट देतो. गुडघ्याखाली पाय गेलेल्याचा साचा घेताना ओलं प्लास्टर सुकेपर्यंत वाटीखाली दोन्ही अंगठे दाबून धरतो, कारण भार तिथल्या जाड शिरेवर (टेंडनवर, रक्तवाहिनीवर नव्हे) घ्यायचा असतो. बाहेरच्या बाजूच्या बारक्या हाडाला मात्र सॉकेट (उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग) टेकता कामा नये. सुरुवातीला एका शेतकऱ्याला पाय बसवला, फरशीवर छान चालला. आठ दिवसांनी नेमका त्या हाडावर फोड घेऊन आला. मी चालवलं होतं फरशीवर, त्याला चालायचं होतं उसाच्या सरीतून. तेव्हापासून माप घेण्याआधी विचारतो, ‘दिवसभर कुठं चालता?’ कारागीर रामचंद्र शर्मा आणि हाडांचे डॉक्टर सेठी यांनी जयपूर फूट हा कृत्रिम पाय केला तोही याच विचारानं: अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं.

सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे धरून चला. काम मात्र कमी नाही. शुगरमुळे पाय गेलेले पेशंट येतात, वाकड्या पावलांची तान्ही बाळं येतात, पट्टे, बूट, पायाला आधार देणारे कॅलिपर तर रोजचेच.

आणि मुलगी आहे म्हणून मागं राहू नका. गेल्या महिन्यात कण्याला बाक आलेली एक शाळकरी पोरगी आली होती. पाठीच्या पट्ट्याचा साचा पातळ बनियनवर घ्यावा लागतो. ती आईचा पदर सोडेना. त्या दिवशी आमच्याकडं बाई नव्हती. माप न देताच परत गेली.